उतारू

सिएटल शहराच्या वायव्य कडेला पिअर ९१ नावाचा धक्का आहे. उन्हाळ्यात तिथून अलास्काला जाणारी मोठी प्रवासी जहाजे सुटतात आणि सात दिवसांनी तिथेच परत येतात. २०२४ च्या जून महिन्यातील एका दुपारी त्या धक्क्यावरच्या दालनात आम्ही पाच जण रांगेत उभे होतो : मुलगी, जावई, सहा वर्षांचा नातू, पत्नी आणि मी. मोठ्या बॅगा दारातच हमालांनी ताब्यात घेतल्या होत्या. नातवाच्या गळ्यात दुर्बीण होती. देवमासा दिसला की आधी कोणी ओरडायचे याविषयी त्याचा आजीशी करार झालेला होता.

काउंटरवरच्या बाईंनी आमची कागदपत्रे पाहिली. नातू तिथलाच जन्मलेला, अमेरिकेचा नागरिक. त्याच्याकडे पासपोर्ट होता. पण नसता तरी नुसता जन्मदाखला चालला असता, असे त्या हसून म्हणाल्या. अमेरिकेच्या बंदरातून निघून त्याच बंदरात परतणाऱ्या अशा सफरीसाठी तिथल्या नागरिकाला तेवढी मुभा आहे. मुलीचे आणि जावयाचे भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्डे पाहून त्यांनी मान डोलावली. पत्नीच्या पासपोर्टात अमेरिकेचा व्हिसा होता, आणि त्यापुढच्या पानावर कॅनडाचाही. २०१८ मध्ये तिच्या भाच्याच्या लग्नाला ती टोरांटोला गेली होती तेव्हाचा, दीर्घ मुदतीचा. मी तेव्हा गेलो नव्हतो. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या, आणि खरे सांगायचे तर लग्नेही मला फारशी आवडत नाहीत.

माझा पासपोर्ट त्यांनी दोनदा चाळला. ‘कॅनडा?’ असे त्यांनी विचारले. आम्ही अलास्काला चाललो आहोत आणि अलास्का अमेरिकेतच आहे, असे मी त्यांना सांगितले. हे उत्तर त्यांनी पूर्वी पुष्कळदा ऐकलेले असावे. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. सफरीच्या शेवटच्या संध्याकाळी, रात्री आठ ते साडेअकरा, जहाज व्हिक्टोरिया या बंदराला लागणार होते. व्हिक्टोरिया ही ब्रिटिश कोलंबिया प्रांताची राजधानी, म्हणजे कॅनडा. ‘मी तिथे उतरणार नाही, खोलीतच झोपून राहीन,’ असे मी म्हणालो. हेही त्यांनी ऐकलेले होते.

मराठीत प्रवाशाला उतारू म्हणतात. होडीने पलीकडे उतरायचे तो उतारू. त्या शब्दात प्रवासापेक्षा उतरण्यालाच महत्त्व आहे. मी उतरणार नाही अशी हमी देणारा, आणि म्हणूनच चढू न दिला गेलेला असा उतारू होतो. हे अर्थात नंतर सुचले. तिथे फक्त कानशिले तापली होती. मागे रांग थांबलेली होती, आणि नातू आईला इंग्रजीत विचारत होता की आजोबांनी काय केले.

मुलगी रडवेली झाली. ‘बाबा, चूक माझी आहे. तुमचा अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा आहे म्हणजे झालं, असं मी धरून चालले.’ सगळ्यांनीच परत फिरावे असे तिचे म्हणणे पडले. पैसे परत मिळणार नव्हते. कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची, असे तिकिटाच्या अटींत लिहिलेले होते. मी थोडा आवाज चढवून सांगितले की तुम्ही जा. असा आवाज चढवला की मुलगी ऐकते, हे मला तिच्या लहानपणापासून माहीत आहे, आणि त्याचा मला नंतर पश्चात्ताप होतो हेही. पत्नी एवढेच म्हणाली, ‘अहो, तुमच्या गोळ्या?’ गोळ्या खांद्यावरच्या पिशवीत होत्या. कपड्यांची बॅग मात्र खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी लावून आधीच आत गेली होती. ती अलास्काला जाऊन आली. तिला कोणी काही विचारले नाही.

पस्तीस वर्षे मी महाविद्यालयात साहित्य शिकवले. संहितेतला शब्द नीट वाचा, कवीने काय म्हटले असावे याच्या कल्पना करत बसू नका, असे दरवर्षी नव्या मुलांना सांगत आलो. त्या रिकाम्या घरी पहिल्या रात्री मी तिकिटाचा करारनामा संगणकावर उघडून वाचायला बसलो. मजकूर लांबलचक होता, पण दुर्बोध नव्हता. जिथे जिथे जहाज लागेल त्या प्रत्येक देशाची प्रवेशकागदपत्रे प्रवाशाजवळ हवीत, तो तिथे उतरणार असो वा नसो, असे वाक्य त्यात होते. लिहिणाऱ्याने काहीही लपवले नव्हते. आम्ही पाच सुशिक्षित माणसांनी जेवणाची यादी वाचली, देवमाशांविषयी वाचले, थंडीचे कपडे कोणते घ्यावेत ते वाचले, आणि हे वाक्य वाचले नाही.

कंपनी एवढी काटेकोर का, हे समजणे कठीण नाही. प्रवेशाचा हक्क नसलेला माणूस एखाद्या देशाच्या दारात आणून उभा केला, तर त्याला परत नेण्याचा खर्च आणि वर दंड, दोन्ही वाहतूक कंपनीवर पडतात. त्यामुळे सरहद्दीवरचा अधिकारी आता सरहद्दीवर भेटत नाही. तो तिकीट तपासणाऱ्या हसतमुख बाईंच्या अंगात शिरून शेकडो मैल अलीकडेच उभा असतो.

मला छळणारा प्रश्न दुसराच होता. जहाज व्हिक्टोरियाला जातेच कशाला? हिमनद्या आणि अस्वले पाहायला निघालेल्या माणसांना शेवटच्या रात्री, जेवणे झाल्यावर, तीन-साडेतीन तास एका देखण्या पण अंधारलेल्या गावाला नेण्यात कोणाचा काय हेतू असावा? उत्तर १८८६ सालच्या एका अमेरिकी कायद्यात सापडले. परदेशी जहाजांनी अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात उतारू नेऊ नयेत, असा तो कायदा आहे. देशी जहाजबांधणीला आणि देशी खलाशांना संरक्षण मिळावे हा त्याचा हेतू. मोडल्यास प्रत्येक उतारूमागे दोन डॉलर दंड होता. १८९८ मध्ये तो दोनशे डॉलर केला गेला, आणि आता तो त्याहूनही वाढलेला आहे. आज अमेरिकेतून सुटणारी बहुतेक सगळी अवाढव्य प्रवासी जहाजे बांधलेली असतात युरोपात आणि नोंदलेली असतात बहामा, पनामा किंवा बर्म्युडा येथे. म्हणजे कायद्याने ती परदेशी. सिएटलहून निघून फक्त अलास्कातील बंदरे हिंडून ती सिएटलला परतली, तर तो देशांतर्गत व्यवहार होतो आणि दंड बसतो. वाटेत एका परक्या बंदराला शिवून आली, तर मात्र ती परदेशी जाऊन आली असे धरले जाते. जवळचे परके बंदरही चालते. म्हणून व्हिक्टोरिया.

महाराष्ट्रात ज्याने सोसायटीत घर घेतले आहे त्याला ‘मानीव अभिहस्तांतरण’ हा भयंकर शब्द ठाऊक असतो. बिल्डरने जमीन नावावर करून दिली नाही, तरी ती करून दिली आहे असे मानायचे. कायद्याच्या भाषेतील ‘मानीव’ हा शब्द मला नेहमीच आकर्षक वाटत आला आहे. कादंबरीकाराला वाचकाकडून जी सवलत मागून घ्यावी लागते, ती कायदा हुकमाने घेतो. व्हिक्टोरियाची ती रात्र हा मानीव परदेश आहे. या तर्काची हद्द २०२१ मध्ये झाली. साथीच्या काळात कॅनडाने प्रवासी जहाजांना आपली बंदरे बंद केली. शिवायला परके बंदरच उरले नाही, आणि अलास्काचा सगळा उन्हाळी धंदा बुडायची वेळ आली. तेव्हा अमेरिकेच्या संसदेने एक तात्पुरता कायदा केला आणि २४ मे २०२१ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. वॉशिंग्टन राज्य ते अलास्का आणि परत ही फेरी, कॅनडाला न लागताही, परदेशी सफर मानली जावी, अशी त्यात तजवीज होती. म्हणजे जी भेट मुळातच मानीव होती, तीही झाली असे मानायचे. त्या उन्हाळ्यात मी सिएटलला असतो तर जहाजावर चढलो असतो.

त्या आठवड्यात इतरही बरेच वाचून झाले. प्रवासी जहाजांच्या जाहिरातींत समुद्र नेहमी सलग आणि निर्मनुष्य असतो. प्रत्यक्षात त्यावर किती रेघा आहेत ते भारतीय पासपोर्ट हातात असला की समजते. ग्रीसच्या बेटांवरून निघून मध्येच तुर्कस्तानातील एखाद्या बंदराला लागून पुन्हा ग्रीसला येणाऱ्या सफरीत शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असून भागत नाही. माणूस आपल्या खोलीत झोपलेला असतानाच त्या प्रदेशाबाहेर पडून पुन्हा आत आलेला असतो. उलट तुर्कस्तानच्या कायद्यात जहाजाने आलेल्या पर्यटकांना बंदराचे शहर पाहण्यासाठी बहात्तर तासांपर्यंत विनाव्हिसा सोडण्याची सोय आहे. चीननेही मे २०२४ पासून जहाजाने येणाऱ्या पर्यटकांच्या गटांना पंधरा दिवसांसाठी व्हिसा माफ केला. आणि दूर कशाला, मुंबईहून लक्षद्वीपला जायचे तर आपल्याच देशातील त्या बेटांवर पाय ठेवायला आपल्यालाही परवाना लागतो. त्यामागे तिथल्या रहिवाशांचे हित आहे आणि ते मला मान्य आहे. तरी परवाना तो परवानाच.

व्हिक्टोरिया हे नाव नकाशात शोधताना मात्र ते मला पूर्वी भेटले होते हे आठवले. गदर चळवळीवरची पुस्तके मी एके काळी वाचत असे, ती विष्णू गणेश पिंगळे यांच्यामुळे. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे हे त्यांचे गाव. अमेरिकेत शिकायला गेलेला हा तरुण त्या चळवळीत शिरला, देशात परतला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर फाशी गेला. त्याच वाचनात ‘कोमागाता मारू’ हे जहाज आले होते. २१ मे १९१४ रोजी ते जहाज पहिल्यांदा थांबवले गेले ते व्हिक्टोरियाजवळच, विल्यम हेड इथल्या विलगीकरणाच्या ठाण्यावर.

ती हकिगत इतिहासाच्या विद्यार्थ्यांना माहीत असते. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तिच्यातील नियमाची भाषा पाहावी असे मला वाटते. कॅनडाला हिंदुस्थानी माणूस नको होता. पण हिंदुस्थान साम्राज्यातच होता, त्यामुळे तसे लिहिता येत नव्हते. म्हणून ८ जानेवारी १९०८ च्या आदेशात असे लिहिले गेले की, येणाऱ्याने आपल्या जन्माच्या वा नागरिकत्वाच्या देशातून ‘अखंड प्रवास’ करून, तिथेच काढलेल्या सरळ तिकिटावर यावे. त्यात ना वंशाचे नाव, ना देशाचे. त्याच सुमारास कॅनेडियन पॅसिफिक कंपनीने सरकारच्या दडपणाखाली हिंदुस्थानातून कॅनडाचे सरळ तिकीट विकणे थांबवले. अखंड प्रवास अनिवार्य आणि अखंड प्रवास अशक्य, अशी ती जोडणी होती. शिवाय आशियाई माणसाजवळ दोनशे डॉलर असावेत अशीही अट पुढे आली. (दोनशेचा आकडा त्या किनाऱ्यावर कोणाला एवढा प्रिय होता, कोण जाणे.) १९१३ च्या अखेरीस ‘पनामा मारू’ या जहाजावरून आलेल्या शीख उतारूंनी या आदेशांना न्यायालयात आव्हान दिले, आणि आदेशांची शब्दरचना मूळ कायद्याशी जुळत नाही या मुद्द्यावर ते जिंकले. काळजीपूर्वक वाचणाऱ्या वकिलांचा तो विजय होता. तो काही आठवडेच टिकला, कारण सरकारनेही काळजीपूर्वक वाचले आणि शब्द दुरुस्त करून आदेश पुन्हा काढले.

त्या निकालाच्या भरवशावर गुरदित सिंग यांनी जपानी जहाज भाड्याने घेतले. ४ एप्रिल १९१४ रोजी ते हाँगकाँगहून निघाले. एकूण ३७६ उतारू, बहुतेक पंजाबातील. २३ मे रोजी ते व्हँकुव्हरच्या बंदरात शिरले आणि नांगर टाकून दोन महिने तिथेच उभे राहिले. पूर्वीपासून कॅनडात राहणारे वीसेक जण तेवढे उतरू शकले. बाकीच्यांना समोर शहर दिसत होते. पाणी संपत होते, अन्न संपत होते, न्यायालयात एकाचा नमुन्यादाखल खटला चालून हरला होता. जबरदस्तीने जहाज ताब्यात घ्यायला पोलीस आले तेव्हा उतारूंनी कोळशाचे तुकडे फेकून त्यांना परतवले. अखेर ‘रेनबो’ ही युद्धनौका समोर आणली गेली आणि २३ जुलैला जहाज परत फिरले. २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबज इथे पोहोचले, तर त्या महिन्यातच निघालेल्या एका वटहुकमामुळे स्वदेशात उतरणेही त्यांच्या मर्जीचे राहिले नव्हते. त्यांना सरळ पंजाबच्या आगगाडीत बसवायचे ठरले होते. त्यांनी नकार दिला, गोळीबार झाला, वीसच्या आसपास उतारू मेले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती १८ मे २०१६ रोजी. व्हँकुव्हरच्या त्याच खाडीच्या काठावर आता एक स्मारक आहे, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर अलास्काला जाणाऱ्या जहाजांचा धक्का.

माझी सात दिवसांची सहल बुडाली आणि मी हे आठवत बसलो, यात हास्यास्पद असे काही आहे याची मला जाणीव आहे. त्यांच्या जमिनी गहाण होत्या. मी मुलीच्या घरी गरम पाण्याने आंघोळ करून आमटीभात खात होतो. दु:खाची तुलना मी करत नाही. मला दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहण्याचा मोह आवरत नाही, एवढेच. एकाच किनाऱ्यावर, बावीस वर्षांच्या अंतराने, दोन नियम झाले. एक म्हणतो, तुझा प्रवास कुठेही खंडित झाला तर तुला प्रवेश नाही. दुसरा म्हणतो, तुझा प्रवास परक्या बंदराला शिवून खंडित झाला नाही तर दंड भर. दोन्ही नियम प्रवासाच्या आकाराविषयी बोलतात आणि दोघांच्याही मनात भलतेच असते : एकाच्या मनात वर्ण, दुसऱ्याच्या मनात धंदा. काउंटरवरच्या बाईंशी वाद घालून उपयोग का नव्हता, ते मला इथे समजले. त्या वाक्य वाचत होत्या. वाक्याच्या मनात काय आहे ते विचारण्याची ती खिडकी नव्हती.

अमेरिकेच्या कायद्याचा रोख माझ्यावर नव्हता आणि कॅनडाने मला बोलावलेही नव्हते. दोन नियमांच्या फटीत मी सापडलो, तो माझ्या पासपोर्टाच्या रंगामुळे. हे तरी निव्वळ अपघाती आहे का, या प्रश्नावर जावयाशी नंतर बराच वाद झाला. तो म्हणतो, भारतीयांना व्हिसा लागतो याला आकडेवारीची कारणे आहेत. असतीलही.

मधल्या दिवसांत मुलगी फोटो पाठवत होती. जुनोची हिमनदी, स्कॅगवेची आगगाडी, केचिकनचा पाऊस. देवमासा नातवाआधी आजीला दिसला आणि ती मराठीत ओरडली. जेवणघरात वाढणारा मुलगा मडगावचा निघाला. गोव्यात ज्यांना तारवटी म्हणतात त्यांच्या घराण्यातला. आजोबाही जहाजावर होते. पत्नीला तो न मागता वरणभात आणून देऊ लागला. तिने त्याला विचारले, एवढी बंदरे पाहिलीस, आवडले कोणते? तो म्हणाला, ‘मावशी, बंदरं दिसतात ती भांडी आवरताना, खिडकीतून.’ केचिकनला त्याला एक तास मिळाला होता, तो घरी फोन करण्यात गेला.

सातव्या रात्री दहाच्या सुमारास पत्नीचा फोन आला.

‘पोचलो तुमच्या व्हिक्टोरियाला.’

‘कसं आहे?’

‘दिवे दिसतायत. मोबाइलवर कॅनडात स्वागत असल्याचा निरोप आलाय.’

‘उतरली नाहीस?’

‘गुडघे दुखतायत हो. ही तिघं गेलीत बाग बघायला. मी आपली पडल्ये.’

थोडा वेळ दोघेही गप्प होतो. मग तिने विचारले, फ्रिजमधली भाजी संपवलीत की तशीच आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धक्क्यावर त्यांना घ्यायला गेलो. माझी बॅग जावयाच्या हातात होती, कुलूप न उघडलेली. घरी आल्यावर पत्नीने पर्स रिकामी केली तेव्हा मी तिचा पासपोर्ट घेऊन कॅनडाच्या व्हिसाचे पान काढले, आणि मग मागचीपुढचीही पाने पाहिली. टोरांटोचा २०१८ चा शिक्का होता. व्हिक्टोरियाचा कुठेच नव्हता.